27 इंचावर 4के घेतलं की डोळ्यांचा नंबर वाढतो? कोण पसरवतंय हे?

परवा भाच्याने मॉनिटरची ऑर्डर कॅन्सल केली. 27 इंची, 4के (आडवे 3840, उभे 2160 पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके), 160 हर्ट्झ (सेकंदाला 160 वेळा चित्र बदलणारा), दोन आठवडे डोकं लावून आम्ही दोघांनी शोधलेला. कारण काय, तर कॉलेजच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड, तोच काल ताईने मलाही पाठवला, "बघ रे, डोळ्यांचं आहे म्हणून." त्यात म्हटलंय की 32 इंचापेक्षा लहान स्क्रीनवर 4केचा फरक दिसतच नाही, वर इतके बारीक पिक्सेल बघून डोळ्यांचा नंबर वाढतो, आणि कुठलंही ग्राफिक्स कार्ड ते ओढत नाही.

डोळ्यांचं आधी घेतो, कारण घाबरवलंय ते त्यानेच. अरे, बारीक पिक्सेल म्हणजे बारीक अक्षर नव्हे! विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरं मोठी करायची सेटिंग, 150 टक्के ठेवलं की अक्षर 27 इंची 1440पीवर (4केपेक्षा कमी पिक्सेलच्या स्क्रीनवर) दिसतं तेवढंच दिसतं, फक्त त्याच अक्षराला सव्वादोन पट पिक्सेल मिळतात म्हणून कडा स्वच्छ येतात. आणि हा फॉरवर्ड ज्या मोबाइलवर वाचला त्याचे पिक्सेल तर याच्याही निम्म्याने बारीक असतील, तेही फूटभर अंतरावरून. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही डोळ्यांच्या डॉक्टरांची संस्था, ती सांगते की स्क्रीन बघताना पापण्यांची उघडझाप कमी होते म्हणून डोळे कोरडे पडतात, थकतात. उपाय काय, तर साधारण 25 इंच लांब बसा, दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरचं काहीतरी 20 सेकंद बघा. पोरांनी तासन्तास जवळून बघू नये हे खरंच आहे, पण ते 1080पीलाही, म्हणजे त्याहून कमी पिक्सेलच्या साध्या स्क्रीनलाही, तितकंच लागू आहे ना.

फरक दिसत नाही म्हणे. चांगल्या नजरेला 60 सेंटिमीटरवरून साधारण 0.17 मिलिमीटरचा ठिपका वेगळा ओळखू येतो. 27 इंचावर 1440पीचा पिक्सेल 0.23चा, 4केचा 0.16च्या आत. म्हणजे दाणे दिसेनासे होतात ते नेमके इथेच. आणि फॉरवर्ड वाचून भाच्याने त्याऐवजी मागवलं काय, तर 32 इंची 1080पी! त्याचा पिक्सेल 0.37चा. दिवसभर कोड वाचणाऱ्या पोराने हे घ्यायचं?

कार्डाचं अर्धं खरं आहे, मान्य. 4केमध्ये 83 लाख पिक्सेल, 1080पीच्या चौपट, त्यामुळे जुन्या कार्डावर जड गेम पूर्ण 4केत अडखळणार. पण त्यासाठी डीएलएसएस, एफएसआर आहेत, म्हणजे गेम कमी पिक्सेलमध्ये बनवून मोठा करून दाखवणाऱ्या सोयी, नाहीतर गेमपुरतं 1080पी लावायचं, एका पिक्सेलच्या जागी बरोबर चार बसतात. आणि भाचा खेळतो व्हॅलोरंट, ते हलकं आहे. बघायचंच असेल तर पोर्ट बघा, म्हणजे मॉनिटरची केबल कुठे लागते ते, एचडीएमआय 2.0 या जुन्या जोडणीवर 4के 60 हर्ट्झलाच अडकतं.

32 इंचीचं खोकं अजून फोडलेलं नाही, रिटर्न शुक्रवारपर्यंत करता येतं. त्याला म्हटलंय, उद्या आईला घेऊन माझ्याकडे ये, माझ्या 27 इंचीवर तुझाच कोड उघडू आणि तिलाच वाचायला लावू.