मानेची गादी झिजली म्हणजे ऑपरेशनच? – खुलासा

परवा मीच ग्रुपवर टाकलेला मेसेज आता तीन ठिकाणांहून माझ्याकडे परत आलाय: ‘एमआरआयमध्ये मानेची गादी झिजलेली दिसली तर लगेच ऑपरेशन करा, नाहीतर लकवा.’ हे चूक आहे. न तपासता पुढे ढकललं, माफ करा.

माझ्याच रिपोर्टवर ‘सी ५-६ झीज’ (म्हणजे मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी झिजलीय) लिहिलंय. डॉक्टरांनी फिल्मपेक्षा माझ्या हाताची पकड आणि चाल जास्त वेळ पाहिली. १९९० च्या एका अभ्यासात मानेचा काहीच त्रास नसलेल्या ६३ जणांचा एमआरआय केला, तर चाळिशीपुढच्या जवळपास ६० टक्के लोकांत झीज सापडली! नस दबून हातात कळ येत असली, तरी बहुतेकांना गोळ्या आणि फिजिओथेरपीने काही आठवड्यांत ते महिन्यांत आराम पडतो.

मात्र शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जाऊ लागला, हातातली ताकद कमी होत चालली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर थांबू नका. मज्जारज्जू दबलेला असू शकतो; तिथे ऑपरेशन खरंच लागू शकतं. आणि मान ‘कडकन’ मोडून देणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका.

जुना मेसेज कृपया डिलीट करा, पुढे पाठवू नका.