टायटॅनियम नायट्राइड म्हणजे ‘न वितळणारं सोनं’ नव्हे

टायटॅनियम नायट्राइड या टायटॅनियम आणि नायट्रोजनच्या संयुगाच्या पातळ थरांबद्दल (म्हणजे फिल्मबद्दल) एक दावा बराच फिरतो. थर सोन्यासारखा चमकतो, म्हणजे प्रकाश आणि विजेच्या बाबतीतही तो सोन्यासारखाच वागतो. रंग छान सोनेरी आला की फिल्म उत्तम. आणि वितळणबिंदू 2,900 अंश सेल्सिअसच्या वर असल्याने कितीही तापवा, फरक पडत नाही. हा पदार्थ मला फार आवडतो. म्हणूनच त्याची अशी ओळख करून दिलेली मला पटत नाही.

आधी रंग. तो दोघांत सारखा दिसतो, पण येतो वेगवेगळ्या वाटेने. सोन्यात आतल्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन निळा प्रकाश शोषून वरच्या पट्ट्यात जातात. टायटॅनियम नायट्राइडमध्ये मुख्य काम मोकळ्या इलेक्ट्रॉनांचं. चांगल्या फिल्ममध्ये त्यांची प्रकाश आरशासारखा परतवण्याची ताकद 500 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास संपते. त्याहून लांब तरंग परततात, निळे आत शिरतात. लाल आणि जवळच्या अवरक्त भागात मात्र सोन्यापेक्षा जास्त प्रकाश आत जिरतो. त्यामुळे सोन्याच्या सूक्ष्म कणांइतका धारदार प्लाझ्मॉन अनुनाद (ठरावीक रंगाच्या प्रकाशाला मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी एकत्र डोलून दिलेला जोरदार प्रतिसाद) इथे मिळत नाही.

‘रंग चांगला तर फिल्म चांगली’ हा भाग सर्वांत घातक, कारण तो अर्धा खरा आहे. नायट्रोजन कमी पडला तर थर फिकट, रुपेरी छटेकडे झुकतो. जास्त झाला तर तांबूस-तपकिरी होतो. प्रमाण जमलंय का, याचा अंदाज रंगावरून नक्की येतो. पण वीज कशी वाहील, हे रंग सांगत नाही. दृश्य प्रकाशाच्या एका आवर्तनात इलेक्ट्रॉन एक-दोन नॅनोमीटरच सरकतो, म्हणजे बहुतेक वेळ एकाच स्फटिककणाच्या आत राहतो. बॅटरी जोडली की त्याच इलेक्ट्रॉनांना थराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं असतं, आणि वाटेत असंख्य कणसीमा, म्हणजे दोन स्फटिककणांमधले सांधे, लागतात. थंड काचेवर स्पटरिंग केलं (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून थर बसवला) की थर खांबाखांबांनी वाढतो, खांबांमधल्या फटींत हवेतला ऑक्सिजन शिरतो. वरून पाहणाऱ्याला सोनेरी रंगच दिसतो, पण चार टोकांच्या प्रोबने (थराचा विद्युत रोध मोजणाऱ्या उपकरणाने) मोजलं की रोधकता, म्हणजे विजेला अडवण्याचा पदार्थाचा गुण, शंभर-दोनशे मायक्रोओहम-सेंटिमीटर भरू शकते. उत्तम स्फटिकी थरात ती 20च्या आसपास येते. सोन्याची सुमारे 2.2. म्हणजे उत्तमातला उत्तम थरही सोन्याच्या बरोबरीला येत नाही. रंग पाहून फिल्म पास करणाऱ्याने आधी प्रोब टेकवावा, एवढीच माझी कळकळीची विनंती.

तो उत्तम थर मिळवायला आधार, म्हणजे ज्यावर थर वाढवतात तो पदार्थ, हाही तसाच लागतो. मॅग्नेशियम ऑक्साइडची जाळी (स्फटिकातली अणूंची मांडणी) टायटॅनियम नायट्राइडच्या जाळीशी जवळजवळ जुळते, 4.21 आणि 4.24 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग), म्हणून तापवलेल्या अशा आधारावर थर शिस्तीत बसतो. काचेवर ती सोय नाही.

उष्णतेबद्दल थोडक्यात: वितळणबिंदूचा आकडा बरोबर आहे, पण तो हवेत उपयोगाचा नाही. उघड्या हवेत साधारण 500 ते 600 अंशांच्या दरम्यान थर ऑक्सिडाइज होऊ लागतो आणि पृष्ठभागावर टायटॅनियम डायऑक्साइड तयार होतो. निर्वातात किंवा नायट्रोजनमध्ये मात्र तो खरोखर टिकतो. सोन्याचा पातळ थर तापवला की 1,064 अंशांच्या कितीतरी आधी गोळा होऊन थेंबथेंब होतो, तिथे या नायट्राइडला तोड नाही.

चिपच्या कारखान्यात सोन्याला मज्जाव असतो, कारण ते सिलिकॉनमध्ये पसरून त्याचे विद्युत गुण बिघडवतं. टायटॅनियम नायट्राइड मात्र तिथे धातूला सिलिकॉनपासून रोखणारा थर म्हणून वापरतात.

आणि सोन्याशी तुलना करताना जास्त रोधाचा जो दोष वाटतो, तो कुठे कुठे हवासाही असतो. सुमारे 5 केल्विनच्या खाली हा थर अतिवाहक होतो, म्हणजे त्याचा रोध शून्य होतो. सोनं होत नाही. सामान्य अवस्थेतला रोध जितका जास्त, तितकं अतिवाहक अवस्थेतलं गतिज प्रेरकत्व (इलेक्ट्रॉनांच्या जडत्वामुळे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) जास्त, आणि मंद प्रकाश टिपणाऱ्या काही शोधकांची संवेदनशीलता त्यावरच उभी असते. तिथे सोन्याइतकी सुवाहक फिल्म कुणाला नकोच असते.