टँकर, गाढव आणि फोटोमागची चिमणी

काल संध्याकाळी कट्ट्यावर नेहमीचंच चाललं होतं, चार कटिंग, तिघांत एक क्रीमरोल आणि विषय क्रिकेट. तेवढ्यात समोरून पाण्याचा टँकर गेला, मागनं धो धो गळतोय, रस्ताभर ओली रेघ, आणि खड्ड्यात आपटला तो नेमका बाप्पूच्या समोर. पँट गुडघ्यापर्यंत चिंब. क्रिकेट तिथंच संपलं.

"चार धरणं उशाला आहेत आपल्या पुण्याच्या," बाप्पू पँट पिळत. "खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. मिळून २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट पाणी. आणि सिंहगड रोडवर राहणारा माणूस पाण्याला गुगल पे करतो. याच्याहून वाईट दिवस कुठले यायचेत?"

टिल्लू (वय २६, आयटी, आमच्यात चुकून आलेला) म्हणाला, "काका, तुम्हाला दर वर्षी सगळं वाईटच दिसतं. ७२ ला काय पाण्याचे पाट वाहत होते काय?"

आता ७२ चं नाव सरांसमोर काढायचं नसतं हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. सरांचं गाव माणदेशातलं, दुष्काळात त्यांच्या आईनं रोजगार हमीवर खडी फोडलीय, घरात तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी. आम्हाला वाटलं पोराचं आता काही खरं नाही. पण सर त्याच्याच बाजूनं बोलले की राव. म्हणाले, "पोरगं बरोबर बोलतंय, तेव्हाचे हाल तुम्हाला झेपणार नाहीत. पण तेव्हा पाऊसच नव्हता, त्यामुळं पाणी नव्हतं. हिशोब सरळ होता. आता पाऊस पडतो, धरण भरतं, नदीत सोडतात, ते आपल्या पार्किंगमध्ये येतं, आणि उन्हाळ्यात त्याच पार्किंगमध्ये टँकर उभा. पूर आणि दुष्काळ एकाच पत्त्यावर."

यावर मिनिटभर कोणी बोललं नाही. २५ जुलै २०२४ सगळ्यांनाच आठवत होता. सिंहगड रोडच्या एकतानगरीत सकाळी लोक उठले ते पाण्यातच, बोटी आल्या होत्या. बाप्पूची आजी १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पेठेतलं घर सोडून पळालेली, तो म्हणाला, "आजीच्या वेळी निदान धरण फुटलं होतं. आता न फुटता पाणी घरात येतं, ही प्रगती!"

पेंटर म्हणाला, "नदीत राडारोडा कोण टाकतं मग? रात्री डंपर रिकामे होतात ते काय परदेशातनं येतात? तुझ्या किचनचं रिनोव्हेशन झालं त्या फरश्या कुठं गेल्या विचारलंस का काँट्रॅक्टरला?"

बाप्पूनं चहा पिऊन घेतला.

टिल्लूचं म्हणणं वेगळंच होतं, की पुरात माणसं किती चांगली वागली बघा, अनोळखी पोरांनी म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन काढलं, म्हणजे समाज बिघडला वगैरे उगाच. ते खरंच आहे, मी पण पाहिलंय. पण मी हेही पाहिलंय की आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'कृपया पाण्याचे फोटो बाहेर पाठवू नका, फ्लॅटचे रेट पडतात.' त्याला २३ अंगठे. त्यात एक माझा. (खोटं कशाला बोलू.)

आणि जीबीएसचं, त्या गियाँ-बारे नावाच्या नसांच्या आजाराचं? जानेवारी २०२५ ला सिंहगड रोडच्याच नांदेड गाव, किरकटवाडी भागात पेशंट निघाले, हातापायातली ताकदच जायची, काहीजण व्हेंटिलेटरवर. पाण्यावर संशय आला तेव्हा महिनाभर आख्ख्या रोडनं पाणी उकळून प्यायलं. मग सिलिंडर लवकर संपतो म्हणून बंद.

इथं पेंटर तापला. त्याचं दुखणं जुनंय, फ्लेक्स आले आणि त्याचा ब्रश गेला, आता चौकाचौकात 'भावी'चे फोटो, खाली चाळीस कार्यकर्त्यांची स्टँपसाईज तोंडं, आणि दोरी बांधलेली झाडाला, नाहीतर खिळेच ठोकलेले. पण तो बोलला ते भिंतींबद्दल. म्हणाला, "मी पूर्वी भिंतीवर गाढव काढून द्यायचो. खाली 'बघा, गाढव मुततंय'. पन्नास रुपये गाढवाचे. लोक हसायचे, लाजायचे, पुढं जायचे. मग गाढवाला कोणी दाद देईना म्हणून देवांच्या टाइल्स आल्या, जिन्यात गणपती, कोपऱ्यावर साईबाबा, म्हणजे कसं, लाज संपली म्हणून भीती घातली. आता मागच्या गल्लीत जाऊन बघ. साईबाबांच्या बरोबर खाली ओल्या कचऱ्याच्या पिशव्या. हात जोडतात आणि पिशवी ठेवतात, एकाच वेळी, डोळ्यांनी बघितलंय मी. आता पुढं काय काढू भिंतीवर सांग?"

"सीसीटीव्हीचं चित्र," टिल्लू.

हसलो सगळे, पण पेंटर नाही हसला.

मग जलपर्णीवर गाडी आली. पेंटरचा मेहुणा गावाकडून आला होता, पुलावर स्कूटर थांबवून नदीसोबत सेल्फी काढला त्यानं, पुण्यात भाताची खाचरं किती छान ठेवलीत म्हणून. त्याला कोण सांगणार की हा हिरवा गालिचा आपल्याच संडासाच्या खतावर वाढलाय, न शुद्ध केलेलं मैलापाणी नदीत जातं त्यात नायट्रेट-फॉस्फेट फुकट, जलपर्णीची चंगळ, खालच्या पाण्याला ना ऊन ना ऑक्सिजन. फेब्रुवारी २०२४ ला केशवनगर-खराडीकडं नदीवर डासांचे, चिलटं म्हणा हवं तर, खांबच्या खांब उठलेले, व्हिडिओ देशभर फिरला. पुण्याचं नाव झालं.

चिमण्यांचं मीच काढलं. आमच्या जुन्या घरात भिंतीवरचे फोटो वरून पुढं झुकवून लावायची पद्धत होती, आजोबांच्या फोटोमागं दर वर्षी घरटं, जेवताना ताटात काड्या. बाप्पू म्हणाला मोबाइल टॉवर. सर म्हणाले टॉवरला कशाला बदनाम करता, कौलं गेली, वळचणी गेल्या, आणि पिल्लाला दाणे नाही चालत, अळ्या-किडे लागतात, ते पेव्हर ब्लॉकमधनं कुठून आणणार बिचारी. माझ्या भिंतीवर आता टीव्ही आहे. सपाट. त्याच्या मागं बोटसुद्धा जात नाही.

टिल्लू काहीतरी बोलणार होता, बहुतेक कबुतरांबद्दल, तेवढ्यात बाप्पूचा फोन वाजला. वॉचमन. स्पीकरवरच लागला चुकून.

"साहेब, टँकर येऊन उभाय, टाकीच्या झाकणाची किल्ली तुमच्याकडं राहिली. आणि डायवर म्हणतो निम्मं गळालंय, पण पैसे पूर्ण."

बाप्पू उठला, ओली पँट झटकली, आणि चहावाल्याला म्हणाला, "माझे लिहून ठेव."