एसीचा आकडा आणि डोक्यावरचा स्लॅब

जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जाहीर केलं की नवे एसी 20 ते 28 अंशांच्या मधेच चालतील असा नियम येतोय. लगेच ‘आता सरकार आमच्या बेडरूममध्ये’ अशी ओरड सुरू झाली. इथे जर्मनीत 2022 च्या गॅसटंचाईत सरकारी कार्यालयं 19 अंशांवर आणली, तेव्हाही कुरकूर झाली आणि लोक स्वेटर चढवून कामाला बसले. तेव्हा नियमाला माझी हरकत नाही. पण भांडण भलत्याच आकड्यावरून चाललंय.

इमारतींच्या उष्णतेचा हिशेब मांडणं हे माझं पोटापाण्याचं काम. अकोल्याच्या मावसभावाची खोली घ्या: सगळ्यात वरचा मजला, दहा बाय बारा. आतली हवा जेमतेम 40 किलो, ती एसी बघता बघता गार करतो. सहा इंची स्लॅब मात्र चार टनांचा. दोन्ही एकेका अंशाने उतरवायचे तर स्लॅबमधून नव्वदपट उष्णता उपसावी लागते. मे महिन्यात भर दुपारी गच्चीच्या दर चौरस मीटरवर 900 वॉटच्या आसपास ऊन पडतं. काळवंडलेलं काँक्रीट त्यातलं दोन तृतीयांश पितं आणि चारेक तासांनी खाली सोडतं. म्हणून ऊन उतरल्यावरही छत भाजत राहतं. एसी 20 ऐवजी 24 अंशांवर लावला तर दुपारच्या ढोबळ हिशेबाने छतातून येणारी उष्णता दहा टक्क्यांनी घटते. गच्चीला पांढरा लेप दिला तर जवळजवळ निम्म्याने. (24 वर लावाच, वीज वाचतेच.) भावाने सोसायटीत विषय काढला, तर ‘गच्ची सगळ्यांची, पण तापतो तुमचाच फ्लॅट’ असं उत्तर मिळालं.

जर्मनीची नक्कल करा, असं मात्र मी म्हणणार नाही. इथे उन्हाळ्यात दिवसभर खिडक्यांबाहेरची शटरं पाडायची, रात्री सताड उघडायची, की घर निवतं. कारण रात्र गार असते. मे महिन्यात अकोल्याची रात्रच तापलेली, तिथे हा उपदेश कोण ऐकेल?

हेवा वाटतो तो एका कागदाचा. इथे घर विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जेचा दाखला, म्हणजे घराला किती ऊर्जा लागते ते सांगणारा कागद, दाखवावाच लागतो. आपल्याकडे 2018 च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छताची मर्यादा आहे: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना चौरस मीटरमागे 1.2 वॉटपेक्षा जास्त उष्णता झिरपू नये. उघडा स्लॅब याच्या तिप्पट झिरपू देतो. पण ती संहिता राज्यांनी आपापल्या बांधकाम नियमांत आणली तरच लागू. बिल्डरच्या माहितीपत्रकात इटालियन मार्बल असतो, मॉड्युलर किचन असतं. स्लॅबवर काय घातलंय याची एक ओळ नसते. तिथे वाचलेला पैसा बिल्डरचा आणि विजेचं बिल वर राहणाऱ्याचं. आकडा सक्तीचा करायचाच, तर भोगवटा प्रमाणपत्र देताना आधी छताचा विचारा.