‘स्वप्नं विकू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘डोळ्याच्या दाहावर प्रथिनांची औषधं’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा स्वतःचाच लेख उघडून बसलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रथिनाचा एवढा थोरला रेणू थेंबांतून डोळ्यात शिरत नाही, हे सगळं उंदरांपुरतं आहे, स्टेरॉइडसारखं खात्रीचं औषध हाताशी असताना मी रुग्णांना स्वप्नं विकतोय, आणि ‘शरीराचंच प्रथिन, म्हणून अपाय नाही’ हे माझं वाक्य बेजबाबदार आहे. तुम्ही स्वतः सहा वर्षं युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, सोसताय, हे शेवटच्या ओळीत कळलं.

त्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे मी साफ चुकलो. ते काढून टाकलं आहे. टीएनएफ-अल्फा हेही शरीराचंच प्रथिन, आणि युव्हिआयटिसमध्ये आगीत तेल ओतणाऱ्यांत तेच पुढे असतं. बाहेरून दिलेल्या प्रथिनांचीही हमी नाही. ब्रोल्युसिझुमॅब हे दृष्टिपटलाच्या आजारासाठी डोळ्यात टोचायचं औषध म्हणजे प्रतिपिंडाचा (अँटिबॉडीचा) तुकडा, पर्यायाने प्रथिनच. 2019 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि 2020 मध्ये काही रुग्णांच्या डोळ्यांत त्यानेच दाह होऊन दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या सुजल्याच्या नोंदी आल्या.

थेंबांबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. डोळ्यावर अश्रूंचा थर असतो जेमतेम सात मायक्रोलिटरचा, आणि बाटलीतून पडणारा थेंब तीस ते पन्नासचा. उरलेलं गालावर ओघळतं किंवा नाकात उतरतं (म्हणून तर थेंब घातल्यावर घसा कडू होतो). डेक्सामेथासोन या स्टेरॉइडसारख्या चिमुकल्या रेणूचाही पाच टक्क्यांहून कमी भाग आत पोचतो. अख्खं प्रतिपिंड त्याच्या पावणेचारशे पट जड. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की ते तिथेच अडतं. तुमचा दाह डोळ्याच्या आत आहे, तेव्हा तुमच्यासाठी प्रतिपिंडाचे थेंब हा मार्ग मलाही दिसत नाही.

पण आजार पृष्ठभागावरचाच असेल तर आत शिरायचंच कशाला? सेनेगर्मिन हे मज्जातंतूंची वाढ करणारं प्रथिन थेंबांच्या रूपात दिलं जातं, दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे. बुबुळावरच्या त्याच पारदर्शक पडद्याची संवेदना जाऊन जखमा भरेनाशा होतात, त्या आजारावर त्याला 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते दाहशामक म्हणून दिलं जात नाही, हे मान्य. पण ‘प्रथिनाचा थेंब म्हणजे पाण्याचा थेंब’ हे तुमचं वाक्य त्याने खोडून निघतं. उलट बाजूही सांगायला हवी, जी मी लेखात गाळली होती. इंटरल्युकिन-1 या दाह वाढवणाऱ्या रेणूला अडवणाऱ्या प्रथिनाचे थेंब कोरड्या डोळ्यांवर एका छोट्या चाचणीत आशादायक ठरले, 2013 मध्ये ते प्रसिद्धही झालं. मग त्याच जातीच्या नव्या प्रथिनाची मोठी चाचणी झाली आणि 2015 मध्ये ती फसली. पहिली अर्धी गोष्ट सांगून मी थांबलो होतो.

उंदरांचा मुद्दा मात्र मला पटत नाही. अडॅलिमुमॅब हे टीएनएफ-अल्फाला बांधून ठेवणारं प्रतिपिंड, कातडीखाली टोचायचं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 217 माणसं होती, स्टेरॉइड घेऊनही ज्यांचा युव्हिआयटिस धुमसत होता अशी. सगळ्यांचं स्टेरॉइड पंधराव्या आठवड्यापर्यंत शून्यावर आणलं. निम्म्या जणांत उपचार निष्फळ ठरायला अडॅलिमुमॅब घेणाऱ्यांत 24 आठवडे लागले, नकली औषध घेणाऱ्यांत 13. चमत्कार नव्हे, पण उंदीरही नव्हेत. पुढच्या वर्षी संधिवातासोबत युव्हिआयटिस असलेल्या 90 मुलांवरची चाचणी आली. सगळी मुलं मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर होतीच. जोडीला अडॅलिमुमॅब मिळालेल्या 60 पैकी 16 जणांत उपचार फसला, न मिळालेल्या 30 पैकी 18 जणांत.

आता गंमत बघा. एटानरसेप्टही टीएनएफलाच अडवतं, सांध्यांवर उत्तम चालतं, पण युव्हिआयटिसमध्ये त्याच्यावर भिस्त ठेवत नाहीत. सेक्युकिनुमॅब हे आणखी एक प्रतिपिंड सोरायसिस या त्वचारोगावर नावाजलेलं, युव्हिआयटिसच्या चाचण्यांत ते नापास झालं. म्हणून ‘प्रथिनं चालतात का’ हा प्रश्नच मला आता भोंगळ वाटतो. कुठलं, डोळ्याच्या कुठल्या भागासाठी आणि कुठल्या वाटेने, एवढं विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. माझ्या लेखाचं शीर्षकही त्याच भोंगळपणातून आलं होतं.

आणि स्टेरॉइड. त्यांची निंदा मी केलेली नाही, करणारही नाही. उलट त्यांच्या दाहशामक कामातला काही वाटा अॅनेक्सिन ए1 या शरीरातल्याच प्रथिनाचा असतो. स्टेरॉइडमुळे ते वाढतं आणि पांढऱ्या पेशींची धाव आवरतं. डोळ्याची स्वतःचीही अशी शिबंदी आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1948 मध्ये सशाच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात परक्या कातडीचा तुकडा बसवला तेव्हा तो इतर ठिकाणच्यासारखा लगेच झिडकारला गेला नाही. तिथल्या पाण्यात टीजीएफ-बीटासारखी प्रथिनं प्रतिकारशक्तीला लगाम घालतात, हे पुढे कळलं. संशोधक त्या लगामाच्या मागे आहेत ते स्टेरॉइडवरच्या रागापायी नव्हे. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही स्टेरॉइडची किंमत रुग्णाला वर्षानुवर्षं मोजावी लागते, आणि तुमच्या डोळ्याचा दाब चढू लागल्याचं तुम्हीच लिहिलंय.

अडॅलिमुमॅबचा विषय तुमच्या डॉक्टरांनी काढला असेल तर दोन गोष्टी त्यांच्याकडून समजून घ्या: सुरू करण्याआधी दडलेल्या क्षयाची तपासणी करतात ती, आणि काही जणांचं शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडं बनवून त्याचा असर उतरवतं ते. तोवर चालू असलेले थेंब माझ्या किंवा कुणाच्याही लेखामुळे एकदम बंद करू नका, दाह उसळून येतो.