सिडकोकर भाऊ, थेट महापौर निवडून त्याच्या हातात काय देणार?

सिडकोकर भाऊ, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं, की नाशिकचा महापौर १२२ नगरसेवक ठरवतात हे मी आधी लिहिलं पण लोकांनी मत देऊन महापौर निवडायची थेट निवडणूक मागितली नाही म्हणजे पळपुटेपणा केला, आणि वर टोला, की चार वर्षं महापौर नव्हता तरी शहर चाललंच ना.

थेट निवडणुकीला माझा विरोध नाहीये हो. भगूर, सिन्नरचा माणूस नगराध्यक्षाला स्वतः मत देतो आणि शेजारच्या एवढ्या मोठ्या नाशिकवाल्यानं मात्र पॅनलची बटणं दाबून घरी जायचं, मग राजीव गांधी भवनात, म्हंजे महापालिकेच्या मुख्यालयात, कोणी कोणासाठी हात वर केला ते पेपरात वाचायचं, हे मलाही पटत नाही. २०१२ ला मनसेचे ४० आले, महापौर भाजपच्या पाठिंब्यावर झाला, २०१४ ला त्याच सभागृहात परत मनसेचाच महापौर झाला तो काँग्रेस-राष्ट्रवादीला सोबत घेऊन. मधे मतदाराला कोणी विचारलं? आणि महापौर निवडीआधी फुटू नयेत म्हणून नगरसेवकांना नेतात त्या सहलींचं तर बोलायलाच नको, आता कोणी सहलीला गेलं नाही तरच बातमी होईल.

पण निवडलेल्या महापौरानं करायचं काय? तो महासभा चालवणार, ठराव करणार, कारभार आयुक्तांचा, आणि आयुक्त पाठवणार राज्य सरकार. २०१८ आठवा. तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढेंनी करयोग्य मूल्य, म्हंजे घरपट्टी ज्यावर ठरते ते, वाढवलं, मोकळ्या जागासुद्धा सोडल्या नाहीत, शहरभर बोंब झाली. महापौर रंजना भानसी भाजपच्या, सभागृहात भाजपचे ६६, राज्यातही त्यांचंच सरकार, तरी आयुक्तांवर अविश्वास ठराव आणायची वेळ आली आणि तोही मुख्यमंत्र्यांनी सांगितल्यावर मागे घेतला. नोव्हेंबरात मुंढेंची बदली झाली, ती पण मुंबईहूनच. (मुंढे बरोबर की चूक हा वाद इथं नको, मला त्यांची शिस्त आवडायची.) भानसींच्या जागी लाखो मतांनी थेट निवडून आलेलं कोणी असतं तरी फोन मंत्रालयातच लावावा लागला असता.

म्हणून माझी मागणी आधी अधिकारांची. १९९८ ला मुंबई-नागपुरात मेयर इन कौन्सिल आणून बघितलं, म्हंजे कारभार महापौर आणि त्याच्या मंडळाकडे, पण ते वर्षभरात गुंडाळलं. थेट निवडणूक द्यायला सरकारला काही लागत नाही, नगराध्यक्षांची २०१६ ला थेट केली, पुढच्या सरकारनं काढली, २०२२ ला परत आणली. शहरावरची पकड सोडायची म्हटलं की मात्र सगळे पक्ष एकाच माळेचे मणी.

आता ते 'चाललंच ना'. मार्च २०२२ पासून नगरसेवकांऐवजी सरकारी प्रशासक होता, खरंय, आणि कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायची नोटीस त्याच काळात निघाली. लोक हरकती घेऊन गेले कोणाकडे, तर जिनं नोटीस काढली त्याच महापालिकेच्या अधिकाऱ्यांकडे. सभागृह असतं तर झाडं वाचलीच असती असं मी म्हणत नाही, पण कोण बाजूनं, कोण विरोधात, कोण त्या दिवशी गैरहजर, हे महासभेत नोंदलं गेलं असतं आणि मतं मागायला आल्यावर तोंडावर विचारता आलं असतं. हात वर करणाऱ्या १२२ जणांचा तेवढा तरी उपयोग आहे.

तुमच्या प्रभागातले नगरसेवक भेटतात ना अधूनमधून? महापौराला अधिकार द्या असा ठराव महासभेत मांडाल का, एवढं त्यांना विचारा आणि काय म्हणतात ते इथंच लिहा.