पाद्री, गाऱ्हाणे आणि बटण: गोव्याच्या मतदाराबद्दल फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

विधानसभेची निवडणूक टप्प्यात आली की गोव्यात तोच मेसेज नव्या तारखेने फिरू लागतो. मतितार्थ असा: गोंयकार धर्म बघून मत देतो. पाद्री मिसेला सांगेल तिकडे दक्षिणेतला सासष्टी तालुका जातो, देवळातल्या गाऱ्हाण्यावर, म्हणजे देवापुढच्या मागण्यावर, फोंडा-डिचोली जाते, बाहेरून आलेले रणनीतीकार नुसते बटण दाबतात आणि कायदा बघत बसतो. निवडणुकीत धर्म वापरला जातो, एवढे यातले खरे. कुठे आणि कशासाठी, तिथे मात्र मेसेज साफ चुकतो.

‘पाद्री सांगेल तिकडे सासष्टी.’ २०२२ चा निकाल काढा. सासष्टीत आठ मतदारसंघ. नुवे, मडगाव आणि कुंकळ्ळी काँग्रेसकडे, बाणावली आणि वेळ्ळी आम आदमी पक्षाकडे, फातोर्डा गोवा फॉरवर्डकडे, कुडतरी अपक्षाकडे आणि नावेली चक्क भाजपकडे. डायोसीस (चर्चचा धर्मप्रांत) एकच, मतपेट्यांतून निघालेले निकाल पाच तऱ्हेचे. चर्चची सामाजिक न्याय आणि शांती परिषद निवडणुकीआधी मार्गदर्शन करते, हे खरेच. पण असल्या आवाहनात निकष असतात. भाजपविरोधी तीन-चार उमेदवार उभे असले की तेच निकष सगळ्यांना लागू पडतात आणि मते फुटतात. नावेलीत भाजप ४३० मतांनी आला तो अशाच फाटाफुटीतून. २०२४ च्या लोकसभेला दक्षिण गोव्यात काँग्रेसचा उमेदवार १३,५३५ मतांनी जिंकला, तेव्हा काही धर्मगुरूंकडे बोट दाखवले गेले. त्या वेळी काँग्रेस, आप आणि गोवा फॉरवर्ड यांनी मिळून एकच उमेदवार दिला होता, हे बोट दाखवणारे सोयीने विसरतात.

‘हिंदू मते एकगठ्ठा.’ याचे सर्वांत जुने उत्तर १९६७ चे. १६ जानेवारीच्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. हिंदू बहुसंख्य असलेल्या प्रदेशात हा आकडा हिंदू मते फुटल्याशिवाय येतच नाही. आणि गंमत पुढे आहे. विलीनीकरणासाठी जिवाचे रान केलेल्या मगोलाच (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला) याच मतदाराने मार्चमध्ये पुन्हा सत्तेवर बसवले. मगोच्या मागे कुळे-मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत कसणारे, राहणारे) उभे होते. त्यांना भाटकारापासून, म्हणजे जमीनदारापासून, सुटका हवी होती, महाराष्ट्र हवाच होता असे नाही. अलीकडचे बघायचे तर २०१७ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांच्या अनुदानावरून संघातून फुटून निघालेला गोवा सुरक्षा मंच मगो आणि शिवसेनेला घेऊन लढला. मंचाला शून्य जागा. त्याच निवडणुकीत भाजपचे १३ आमदार आले, त्यांतले सात ख्रिश्चन होते.

‘रणनीतीकार बटण दाबतात.’ तसे बटण असते तर २०२२ मध्ये तृणमूल हात हलवत परत गेली नसती. आयपॅक ही निवडणूक सल्लागार संस्था दिमतीला, ममता बॅनर्जींचे मंगेशी दर्शन, मगोशी युती. मगोला दोन जागा, तृणमूलला एकही नाही. आपने अयोध्या, वेळांकणी आणि अजमेर अशा तिन्ही यात्रा फुकट देऊ केल्या होत्या. त्यांचे दोन आले.

मग धर्म कुठे कामाला येतो? मतदारयादीत. यादी भागवार असते, गोव्यात एका भागात साधारण सातशे नावे. आडनावावरून धर्म कळतो, जात दर वेळी कळत नाही: ‘नाईक’ किंवा ‘गावकर’वरून बाहेरच्याला काहीच थांग लागत नाही. म्हणून वाड्यावरचा माणूस लागतो, बहुधा पंच किंवा माजी पंच. तो यादीवर पेनाने आपला, त्यांचा आणि डळमळीत अशा तीन खुणा करतो. शेजारी मागच्या निवडणुकीचा फॉर्म २० ठेवतात. त्यात प्रत्येक बूथवर कोणाला किती मते पडली ते छापलेले असते. दोन्ही जुळवले की कुठल्या वाड्यावर काय झाले ते दिसते.

धार्मिक संदेश त्यानंतर येतो आणि तो डळमळीताला वळवण्यासाठी नसतोच. ‘आपला’ खूण असलेल्याला मतदानाच्या दिवशी घराबाहेर काढायचे आणि समोरच्याची मते दोघांत वाटायची, एवढेच त्याचे काम. तेवढे पुरते, कारण फरक छोटे असतात: २०२२ मध्ये साखळीत मुख्यमंत्री ६६६ मतांनी आले, पणजीचा फरक ७१६, सांतआंद्रेचा ७६. चाळीस बूथ धरले तर साखळीत बूथमागे सतरा मते.

हा डाव फसतो तो मिश्र वाड्यांवर. मेसेज ज्याच्यासाठी लिहिला त्याच्याआधी शेजाऱ्याच्या फोनवर पोचतो. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला (मेरीमातेला) शिरगावच्या लइराई देवीची बहीण मानणाऱ्या आणि फातर्प्याच्या देवीपुढे ख्रिश्चनांनाही हात जोडताना बघणाऱ्या गावात कडक भाषा उलटते. म्हणून जाणता कार्यकर्ता मेसेज पाठवण्यापेक्षा देणगी पाठवतो: भजनी सप्ताहाला साऊंड, फेस्ताला बँड, चवथीला (गणेशचतुर्थीला) घरोघर सामानाची पिशवी. यात दुसरीही सोय आहे. विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ मध्ये २८ लाखांची मर्यादा होती, पण हिशेब धरतात तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा. मतदान फेब्रुवारीत, चवथ त्याआधीच्या भाद्रपदात. पिशवी त्या २८ लाखांत येतच नाही.

धर्माचा आणखी एक उपयोग असतो, निकालानंतर आमदार फुटू नयेत म्हणून. २२ जानेवारी २०२२ ला काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रूसापुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथा घ्यायला लावल्या: पक्ष सोडणार नाही. कारण २०१९ मध्ये दहा जण एका दमात भाजपमध्ये गेले होते. निवडून आले ११. १४ सप्टेंबरला त्यांतले आठ गेले. आठच का? पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात अपात्रता टाळायला दोन तृतीयांश आमदार लागतात, अकराचे दोन तृतीयांश सातच्या वर जातात, म्हणून आठ. त्या आठांतल्या दिगंबर कामत यांनी देवाला पुन्हा विचारले असे सांगितले. शपथ मतदाराला दाखवण्यासाठी होती. आमदाराला बांधून ठेवायला तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

‘कायदा बघत बसतो.’ अर्धे खरे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) धर्माच्या नावावर मत मागणे भ्रष्ट आचार ठरवते. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी त्यात मतदाराचा धर्मही धरला. त्याआधी उमेदवाराच्याच धर्माचा विचार होई. अडचण पुराव्याची आहे. आवाहन उमेदवाराने, त्याच्या एजंटने किंवा त्यांच्या संमतीने केलेले दाखवावे लागते. याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात गेली पाहिजे. नाव नसलेला फॉरवर्ड तिथे टिकत नाही. ज्या फोनवर चित्रण झाले तो मूळ फोन किंवा इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागते. देवळात किंवा कपेलीत (छोट्या चर्चमध्ये) प्रचारसभा चालू असेल तर निवडणूक आयोगाचे तक्रारीचे सी-व्हिजिल अॅप आचारसंहितेच्या काळात चालते. त्यात गॅलरीतला जुना व्हिडिओ चढत नाही, जागेवर उभे राहूनच चित्रण करावे लागते, आणि तक्रार १०० मिनिटांत निकाली काढायचे बंधन आहे. चवथीच्या पिशवीचा फोटो त्यात सप्टेंबरात चढवता येणार नाही, तेव्हा आचारसंहिताच नसते.